टिंब दिसलं पाहिजे: एका मुद्रितशोधिकेच्या एडिटरची सेटिंग्ज फाइल

‘मूर्तीचं विसर्जन’ आणि ‘मूर्तींचं विसर्जन’ यांत फरक एका टिंबाचा. पहिल्यात एका घरचा गणपती, दुसऱ्यात अख्ख्या गल्लीचे. माझी मावशी चाळीस वर्षं मुद्रितशोधन करते. खिळ्यांच्या छपाईच्या शेवटच्या दिवसांत ती या कामात आली, आणि असलं टिंब तिच्या नजरेतून सुटत नाही असं तिच्याबद्दल बोललं जायचं. गेल्या वर्षी भाद्रपद संपता संपता साताऱ्याहून तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

“अरे, एका कथेत माझे अकरा अनुस्वार सुटले. संपादकांनी सांभाळून सांगितलं, पण सुटले ते सुटलेच. आता हे काम सोडायला हवं असं वाटतंय.”

त्या वसंतात तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून तिने सगळा दोष डोळ्यांवर टाकला होता. पण आठवड्यापूर्वीच्या तपासणीत डॉक्टरांनी डोळे उत्तम असल्याचं सांगितलं होतं, आणि वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती ती चष्म्याशिवाय वाचत होती. तेव्हा मी विचारलं, “मावशी, यंदा तू मजकूर कशात वाचतेस?” उत्तरात खरं कारण दडलेलं होतं. आधीच्या वर्षापर्यंत दिवाळी अंकाचा मजकूर वर्डच्या फाइलीत यायचा आणि ती तो छापून, लाल पेन घेऊन वाचायची. यंदा तोच मजकूर छापील अंकात आणि संकेतस्थळावर दोन्हीकडे जाणार होता, त्यामुळे सगळं काम साध्या मजकुराच्या मार्कडाउन फाइलींत (यांत शीर्षक, ठळक वगैरे साध्या चिन्हांनी दाखवतात) आणि व्हीएस कोड या, मुळात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या, एडिटरमध्ये होतं. एडिटर बसवून मिळाला होता. तो मराठी वाचण्याजोगा करून द्यावा हे मात्र कोणाला सुचलं नव्हतं.

मी रविवारी साताऱ्याला गेलो. तिथे जे केलं ते क्रमवार लिहितो आहे, कारण मराठी मजकुरावर पडद्यावर काम करणाऱ्या पुष्कळांची अडचण थोड्याफार फरकाने हीच असणार.

पडद्यावर काय दिसत होतं

चौदा इंची लॅपटॉप. काळी पार्श्वभूमी, त्यावर राखाडी बारीक अक्षरं. ओळी एकमेकींना चिकटलेल्या. शब्दांमध्ये मात्र नको इतकी जागा, जणू प्रत्येक शब्दानंतर दोनदा स्पेस दिली आहे. उजवीकडे निम्मा पडदा रिकामा, आणि ओळ मध्येच तुटून खाली आलेली. सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराभोवती पिवळसर चौकट. पानभर मजकूर, पानभर चौकटी. अशा पडद्यावर अकराच अनुस्वार सुटले, याचंच मला नवल वाटलं.

चौकटींचं कारण आधी सापडलं. फोल्डर पहिल्यांदा उघडताना हा एडिटर विचारतो: यातल्या फाइलींच्या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का? मावशीने ‘नाही’ म्हटलं होतं. “लेखकावर विश्वास ठेवून प्रूफं तपासता येत नाहीत,” ती म्हणाली, आणि तिच्या धंद्यात ते शंभर टक्के खरं आहे. एडिटरचा प्रश्न मात्र वेगळा होता: फोल्डरमधून काही प्रोग्रॅम आपोआप चालू द्यायचा का? ही सोय २०२१ च्या मे महिन्यातल्या आवृत्तीत आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ‘ट्रोजन सोर्स’ नावाचा निबंध प्रसिद्ध केला. संगणकात प्रत्येक लिपीच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड पद्धतीतली न दिसणारी आणि लिखाणाची दिशा उलटवणारी चिन्हं वापरून प्रोग्रॅममध्ये वाचणाऱ्याला न कळेल असा घातक बदल कसा लपवता येतो, ते त्यांनी दाखवलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत व्हीएस कोडने संशयास्पद अक्षरांना चौकट घालायला सुरुवात केली. ज्या फोल्डरवर आपण विश्वास दाखवलेला नाही तिथे तर मूळ इंग्रजी संचाबाहेरचं प्रत्येक अक्षर संशयास्पद धरलं जातं, आणि मराठी मजकुरात त्या संचाबाहेर सगळंच असतं.

उपाय दोन. फोल्डर आपल्याच कामाचं असेल तर विश्वास आहे असं सांगून टाकायचं, किंवा सेटिंग्ज फाइलीत ‘एडिटर.युनिकोडहायलाइट.नॉनबेसिकआस्की’ या नावापुढे ‘फॉल्स’ लिहायचं. आम्ही दोन्ही केलं. चौकटी गेल्या तशी मावशी खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, “हे एवढंच केलं असतंस तरी पुष्कळ होतं.”

फाइल कुठे असते आणि तीच का

सेटिंग्ज बदलायला या एडिटरमध्ये खिडकीही आहे. खुणा करा, आकडे भरा, झालं. तरी मी फाइलच उघडली. रंगांचे बारीक बदल खिडकीत करता येत नाहीत, त्यांना शेवटी फाइलीतच यावं लागतं. शिवाय फाइल ईमेलने पाठवता येते, दुसऱ्या यंत्रावर नेता येते, आणि काय का बदललं ते बदलाशेजारीच लिहून ठेवता येतं.

कंट्रोल-शिफ्ट-पी दाबलं की वर एक चौकट उघडते. तिथे ‘ओपन युजर सेटिंग्ज’ टंकायला लागलं की यादीत शेवटी ‘जेसन’ (सेटिंग्ज फाइल ज्या ठरीव पद्धतीने लिहितात तिचं नाव) लिहिलेला पर्याय येतो, तो निवडायचा. उघडणारी फाइल महिरपी कंसांत असते: डावीकडे अवतरणात सेटिंगचं नाव, मग अपूर्णविराम (:), मग किंमत, आणि ओळीच्या शेवटी स्वल्पविराम. दोन तिरप्या रेघा दिल्या की पुढचं सगळं टीप म्हणून धरलं जातं, आणि टीप मराठीत लिहिली तरी चालते. फाइल सेव्ह केली की बदल त्याच क्षणी दिसतो, एडिटर बंद करावा लागत नाही. इथे मी सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलीत ती रोमन अक्षरांत, मधली टिंबं आणि लहान-मोठी लिपी जशीच्या तशी ठेवून लिहायची.

मावशीचं नाव सांगायला नको म्हणून मी ‘तिची फाइल’ एवढंच म्हणतो. सुरुवातीला ती रिकामी होती, नुसते दोन कंस.

आधी फॉन्ट

विंडोजवर या एडिटरचा मुळातला फॉन्ट कन्सोलास असतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी तो छान आहे, कारण त्यातलं प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचं असतं. पण त्यात देवनागरी नाही. मग एडिटर जे अक्षर कन्सोलासमध्ये सापडत नाही ते विंडोजच्या दुसऱ्या फॉन्टातून, बहुधा निर्मला यूआयमधून, उसनं आणतो. स्पेस, स्वल्पविराम आणि पूर्णविराम मात्र कन्सोलासमध्ये असतात, म्हणून ते तिथूनच येतात. मराठी शब्द एका फॉन्टचे आणि त्यांच्यामधली मोकळी जागा दुसऱ्याची! कन्सोलासची स्पेस एका पूर्ण अक्षराइतकी रुंद, म्हणून शब्द असे लांब लांब दिसत होते.

‘एडिटर.फॉन्टफॅमिली’त फॉन्टांची नावं स्वल्पविराम देऊन ओळीने लिहितात, आणि प्रत्येक अक्षरासाठी त्या रांगेतला पहिला सापडेल तो फॉन्ट लागतो. पुष्कळ जण आधी इंग्रजी फॉन्ट, मग मराठी असं लिहितात. प्रोग्रॅममध्ये अधूनमधून मराठी येत असेल तर तो क्रम ठीक आहे. मजकूर मराठी असेल तर क्रम उलटा हवा: आधी देवनागरी फॉन्ट, म्हणजे स्पेस आणि विरामचिन्हंही त्याच हातची येतात.

कोणता फॉन्ट, हे मी ठरवलं नाही. मी एक ओळ लिहिली आणि ती पाच फॉन्टांत दाखवली:

मूर्तींचं दर्शन, विद्यार्थिनींनी, बुद्ध्यांक, वाऱ्यावर, चिठ्ठ्या, वाङ्मय, ॲडमिशन, शाल, लोकशाही

मावशी एकेक फॉन्ट पाहताना ओळ वाचतच नव्हती. तिची नजर ‘र्तीं’वर होती. तिथे वेलांटी आहे, तिच्या माथ्यावर रफार आहे आणि त्याला लागून अनुस्वार. अक्षर बारीक झालं की हे तिन्ही मिळून एक काळा ठिपका होतो आणि अनुस्वार आहे की नाही ते कळत नाही. शेवटी तिने तिरो देवनागरी मराठी निवडला. तो मोफत मिळतो आणि पुस्तकी वळणाचा आहे. त्याच्या निवडीमागे आणखी एक कारण होतं, ते तिनेच बोटाने दाखवलं: “ह्यातला ल आणि श आपला आहे.”

हा मुद्दा थोडा खोलात सांगायला हवा. मराठी ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त असावा, असं राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही म्हटलं आहे. काही फॉन्टांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात, आणि मजकूर मराठी आहे असं कळलं तर फॉन्ट आपलं वळण काढून देतो. पण ते त्याला कळवणार कोण? व्हीएस कोड आतून क्रोमियम ब्राउझरच्याच पायावर उभा आहे, आणि त्याच्या पानाची भाषा म्हणजे त्याच्या मेनूंची भाषा. मेनू इंग्रजीत, तर मजकुराची भाषाही इंग्रजीच धरली जाते. म्हणून फॉन्टात मराठी वळण असूनही ते बाहेर येत नाही. ज्या फॉन्टात मुळातच मराठी वळण आहे तो घेणं, हाच सरळ मार्ग. तिरोने हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट केले आहेत, त्याचा इथे थेट उपयोग झाला.

हा फॉन्ट सगळीकडे लावला नाही. सेटिंग्ज फाइल स्वतः रोमन अक्षरांत, तिथे कन्सोलासच बरा. या एडिटरमध्ये चौकोनी कंसात फाइलीच्या प्रकाराचं नाव लिहून त्यापुरत्या सेटिंग वेगळ्या देता येतात. आम्ही ‘मार्कडाउन’ आणि ‘प्लेनटेक्स्ट’ या दोन प्रकारांसाठी वेगळे कप्पे केले आणि मराठीसाठीचं जवळजवळ सगळं तिथे ठेवलं.

फॉन्टमुळे एक नवी अडचणही आली. तिरोमध्ये साधं आणि तिरपं अशी दोनच वळणं आहेत, ठळक नाही. मार्कडाउनमध्ये शीर्षकं आणि दोन फुल्यांमधला मजकूर एडिटर ठळक करून दाखवतो. ठळक वळण नसलं की तो साध्या अक्षरालाच जाड करतो, आणि जाड केलेल्या ‘र्तीं’चा पुन्हा तोच काळा ठिपका झाला. ‘एडिटर.टोकनकलरकस्टमायझेशन्स’मध्ये ‘मार्कअप.हेडिंग’ आणि ‘मार्कअप.बोल्ड’ यांची ‘फॉन्टस्टाइल’ रिकामी ठेवली आणि त्यांना गडद निळा रंग दिला. शीर्षक आता रंगावरून ओळखू येतं, अक्षर मोकळं राहतं.

ओळींमधली जागा

मुळातल्या सेटिंगमध्ये ‘एडिटर.लाइनहाइट’ शून्य असते, म्हणजे ‘तूच ठरव’. विंडोजवर एडिटर तेव्हा अक्षराच्या आकाराच्या १.३५ पट उंची धरतो. रोमन अक्षरांना ती पुरते, कारण त्यांना वर-खाली फार काही नसतं. मराठी ओळीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, चंद्र, आणि अक्षराच्या खाली उकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं, एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं. कथेत एका ठिकाणी वरच्या ओळीत ‘चिठ्ठ्या’ आणि बरोबर तिच्याखाली ‘मूर्तींचं’ आलं होतं. वरच्या ‘ठ्ठ’चं टोक खालच्या अनुस्वारावर टेकलेलं. त्या जागी मी स्वतः मान खाली घालून पाहिलं, आणि अनुस्वार आहे की नाही हे मलाही सांगता येईना. अकरा सुटलेल्या अनुस्वारांपैकी एक तिथलाच होता.

या सेटिंगमध्ये आठपेक्षा लहान आकडा लिहिला तर तो पट म्हणून धरतात, आणि आठ किंवा जास्त लिहिला तर थेट पिक्सेल. पट लिहिणं चांगलं, कारण मग अक्षराचा आकार बदलला तरी ओळीची उंची त्याच्या मागोमाग जाते. १.६ ठेवून पाहिलं, तरी ‘ठ्ठ’ खालच्या रफाराजवळ येतच होता. १.९ वर तो प्रश्न मिटला. अक्षराचा आकार २२ ठेवला, म्हणजे ओळ साधारण ४२ पिक्सेलची झाली. पडद्यावर ओळी कमी मावू लागल्या, पण मुद्रितशोधनात पान भराभर पुढे न्यायचं नसतंच.

आकार ठरवण्याआधी मेनूंची अक्षरं ठरवायला हवीत, हे मला उशिरा सुचलं. ‘विंडो.झूमलेव्हल’ एकने वाढवलं की सगळी खिडकी वीस टक्क्यांनी मोठी होते, मजकुरासकट. ते नंतर केल्यामुळे अक्षराचा आकार पुन्हा जुळवावा लागला. आधी झूम, मग आकार.

‘विद्यार्थिनींनी’ किती लांब?

उजवीकडचा रिकामा पडदा हा या सगळ्यातला मला सर्वांत शिकवून गेलेला भाग. ओळ वळवण्याची सेटिंग चालू होती, तरी ओळी अर्ध्यातच तुटत होत्या. मावशीला वाटलं होतं, कवितेसारख्या तोडलेल्या ओळींतच मजकूर आला आहे. तिने त्यातल्या दोन-चार हाताने जोडूनही पाहिल्या होत्या.

‘विद्यार्थिनींनी’ हा शब्द घ्या. आपल्याला पाच अक्षरं दिसतात: वि, द्या, र्थि, नीं, नी. संगणकाच्या लेखी तो पंधरा चिन्हांचा आहे: व, वेलांटी, द, पायमोड, य, काना, र, पायमोड, थ, वेलांटी, न, दीर्घ वेलांटी, अनुस्वार, न, दीर्घ वेलांटी. हा एडिटर मुळात ‘सिंपल’ पद्धतीने ओळ मोडतो, आणि त्या पद्धतीत प्रत्येक चिन्ह सारख्या रुंदीचं धरलेलं असतं. म्हणजे काना, मात्रा, पायमोड आणि अनुस्वार या सगळ्यांना एकेका अक्षराची जागा! पाच अक्षरांच्या शब्दाला पंधरा अक्षरांची जागा हिशेबात धरली की ओळ भरली असं एडिटरला लवकर वाटतं आणि तो ती खाली उतरवतो. अनुस्वाराला स्वतःची वेगळी रुंदी नसते, तो अक्षराच्या डोक्यावर बसतो, हे त्या पद्धतीच्या हिशेबात नाही.

‘एडिटर.रॅपिंगस्ट्रॅटेजी’पुढे ‘ॲडव्हान्स्ड’ लिहिलं. आता ओळ कुठे मोडायची ते ब्राउझरचं इंजिन प्रत्यक्ष अक्षरं मोजून ठरवतं. एडिटरचं दस्तऐवज सांगतं की ही पद्धत संथ आहे आणि मोठ्या फाइली अडकू शकतात. एकेका कथेच्या फाइलीला काही जाणवलं नाही. अख्खी कादंबरी एका फाइलीत असेल तर तिची प्रकरणं वेगळी करणं बरं.

ओळ पूर्ण रुंद झाली तेव्हा ती जास्तच लांब वाटली, नजर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत येताना चुकायची. ‘एडिटर.वर्डरॅप’ला ‘बाउंडेड’ केलं आणि ‘वर्डरॅपकॉलम’ कमी-जास्त करत एका ओळीत दहा-बारा शब्द येतील असं जुळवलं. हा आकडा मी इथे देत नाही, कारण फॉन्ट बदलला की तो बदलतो. डोळ्यांनीच जुळवायचा.

रंग, आणि पट्टीची जागा

काळ्यावर पांढरं मावशीला नको होतं, आणि निव्वळ पांढरी पार्श्वभूमीही शस्त्रक्रियेनंतर तिच्या डोळ्यांना टोचत होती. तिला जुन्या प्रूफाच्या कागदासारखा रंग हवा होता. उजळ थीम घेऊन ‘वर्कबेंच.कलरकस्टमायझेशन्स’मध्ये तिची पार्श्वभूमी बदलली: लाल २५१, हिरवा २४६, निळा २३३. फाइलीत हे आकडे षोडशमान पद्धतीने लिहावे लागतात. अक्षरांचा रंग गडद राखाडी, हॅश देऊन सहा वेळा तीन. या जोडीतला उजेडाचा फरक हिशेबाने ११.७ ला १ येतो. वेबवरच्या मजकुरासाठी सुगम्यतेचे जे निकष आहेत त्यांत ४.५ ही किमान पायरी आणि ७ ही वरची. म्हणजे डोळ्यांना सौम्य करताना अक्षर फिकं झालेलं नाही, याची खात्री झाली. रंग नुसता आवडला म्हणून घेऊ नये, हे गुणोत्तर काढून पाहावं. फिकट तपकिरी अक्षरं कागदावर सुंदर दिसतात, पडद्यावर त्यांतला अनुस्वार पहिल्यांदा जातो.

कागदावर वाचताना मावशी ओळीखाली लाकडी पट्टी ठेवते. पट्टी सरकत जाते, ओळ निसटत नाही. पडद्यावर तिची नजर भटकत होती ती याच सवयीमुळे. पट्टीची नक्कल या एडिटरमध्ये हुबेहूब जमत नाही, पण एक सेटिंग तिच्या जवळ जाते: ‘एडिटर.कर्सरसराउंडिंगलाइन्स’. कर्सरच्या वर आणि खाली निदान किती ओळी दिसत राहाव्यात, ते ही ठरवते. सहा लिहिलं, तशी वाचायची ओळ पडद्याच्या मध्यावर राहू लागली. ती खालच्या बाणाने एकेक ओळ उतरते आणि मजकूर वर सरकतो. कर्सर जाड केला, लुकलुकणं थांबवलं, रंग लाल दिला. तिच्या पेनचा.

बाकी बारीकसारीक: उजवीकडचा पानाचा छोटा नकाशा बंद, टंकताना उगवणाऱ्या शब्दांच्या सूचना बंद. ओळींचे क्रमांक मी काढणार होतो, तिने ठेवायला लावले. या फाइलींत अख्खा परिच्छेद म्हणजे एकच ओळ, त्यामुळे प्रत्येक परिच्छेदाला आपला क्रमांक मिळतो, आणि संपादकांशी फोनवर बोलताना ‘सतरा क्रमांकाचा परिच्छेद’ असं सांगता येतं.

फाइल मोडली तेव्हा

चार दिवसांनी फोन. “सगळी अक्षरं एकदम बारीक झाली. मी फक्त बावीसचे चोवीस केले.” मी तिला तिथली ओळ वाचून दाखवायला सांगितली, तिने वाचली, आणि सगळं बरोबर होतं. मग फोटो मागवला. तिने २४ लिहिलं होतं ते देवनागरी आकड्यांत. कथा तपासता तपासता तिने फाइल उघडली होती आणि कीबोर्ड मराठीवरच होता. जेसनला इंग्रजी आकडेच कळतात. त्या ओळीखाली लाल नागमोडी रेघ आलेली होती, पण लाल रेघ हिला रोजच्या कामात इतकी सवयीची की तिने ती शुद्धलेखनाची समजून सोडून दिली. आकडा वाचता न आल्याने एडिटर आपल्या मूळच्या चौदावर गेला होता.

माझीही एक चूक झाली. रंगांच्या नव्या ओळी मी वर्डमध्ये लिहून पाठवल्या. वर्डने सरळ अवतरणांची गोलसर अवतरणं केली, आणि जेसन ती मानत नाही. तेव्हापासून बदल पाठवायचा तर मी अख्खी फाइलच जोडून पाठवतो, आणि मावशी बदल करण्याआधी जुन्या फाइलीची प्रत तारीख घालून ठेवते.

तिसरा प्रसंग मावसबहिणीच्या लॅपटॉपवरचा. फाइल तिथे नेली, सगळं लागलं, पण ल आणि श पुन्हा परके. सेटिंग्ज फाइलीत फॉन्टचं नुसतं नाव असतं, फॉन्ट नसतो. तो त्या यंत्रावर बसवलेला नसेल तर एडिटर काही न बोलता रांगेतल्या पुढच्या फॉन्टकडे जातो. आता फाइलीबरोबर फॉन्टही एकाच फोल्डरमध्ये ठेवला आहे.

काय जमलं, काय नाही

नव्या मांडणीवर मावशीने पुढच्या चार कथा तपासल्या. संपादकांनी त्या दुसऱ्यांदा वाचल्या तेव्हा चारही मिळून दोन अनुस्वार सुटलेले निघाले. त्यातला एक मूळ लेखकालाही नको होता, असं ती ठामपणे सांगते. काम सोडण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

एक गोष्ट दिसण्याच्या पलीकडची होती आणि ती सेटिंग्ज फाइलीने सुटली नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एकदा नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडून, आणि एकदा साध्या र चा पाय मोडून, पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. मावशीने एका लेखात ‘दुसऱ्या’ शोधला तर निम्मेच सापडले, बाकीचे डोळ्यांसमोर असून शोधात येईनात. कितीही चांगला फॉन्ट लावला तरी हा फरक दिसणार नाही. शोधाच्या चौकटीत रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुना देऊन शोधण्याची सोय) चालू करून त्या न दिसणाऱ्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक टाकला की ते सापडतात, आणि बदलता येतात. अंकभर एकच पद्धत ठेवायची हे तिने संपादकांकडून ठरवून घेतलं.

दिवाळीनंतर गेलो तेव्हा तिने फाइल दाखवली. मी ठेवलेल्या टिपा इंग्रजीत होत्या, त्या तिने काढून प्रत्येक ओळीशेजारी मराठीत आपल्या टिपा घातल्या होत्या, प्रूफाच्या समासात लिहितात तशा तोकड्या. फॉन्टशेजारी ‘ल, श पाहणे’. रंगाशेजारी ‘प्रूफाचा कागद’. आकाराशेजारी ‘आकडा इंग्रजी’. आणि ओळीच्या उंचीच्या १.९ शेजारी: ‘याच्या खाली नेऊ नये. टिंब जातं.’